वेव्ही केस खांद्यापर्यंत कापू का? निम्मे लाटांचे निम्मे सपाट झालेत, डोकं चालेना

हळदीचा_वास (सांगली)

नमस्कार मंडळी, प्रश्न कुणाला फालतू वाटेल पण मी तीन महिने याच्यातच अडकलीय आणि घरात प्रत्येकजण वेगळं सांगतोय म्हणून इथं विचारतीय.

मी विश्रामबागेत राहते, वय ३२, कुपवाड एमआयडीसीत अकाउंट्सला आहे. केस कमरेच्या जरा वर. मूळचे वेव्ही, म्हणजे कुरळे नाहीत आणि सरळ पण नाहीत, धुतल्यावर छान लाट पडते आणि विंचरलं की सगळं फुगून बसतं. लहानपणी आई खोबरेल चोपडून दोन वेण्या घालायची त्यामुळं बारावीपर्यंत मला माहीतच नव्हतं की केसांना लाट आहे, मला वाटायचं वेणीच्या घड्या पडतात त्या.

मागच्या वर्षी दिराच्या लग्नाआधी एका पार्लरमध्ये स्मूदनिंग करून घेतलं. मेकअपवाली म्हणाली सरळ केसांवर हेअरस्टाईल चांगली बसते, मी पण ऐकलं. लग्नात भारी दिसले, खोटं कशाला बोलू. पण त्याला आता १४ महिने झाले, वरचे सहा-सात इंच परत लाटांचे आलेत आणि खाली सगळं इस्त्री फिरवल्यासारखं. जिथं दोन्ही भेटतात तिथंच तुटतायत. उशीवर केस, डब्यात केस, परवा तर पोराच्या दुधाच्या कपात निघाला.

त्यात आम्ही नवीन फ्लॅटमध्ये आलोय, बाथरूमला सगळं बोअरचं पाणी. शॅम्पूला फेस येत नाही आणि बादलीला आतनं पांढरा थर धरलाय. रविवारी केस धुतले की वाळायला चार तास, सोमवारी आतले अजून दमटच, त्याचा बुचडा करून वर हेल्मेट घालायचं, ऑफिसला जाऊन हेल्मेट काढलं की जो वास येतो तो मीच सहन करते.

घरचं मत असं. सासूबाई म्हणतात काप बाई एकदाचे, मोरीची जाळी साफ करून माझी कंबर गेली. नवरा मोबाईलमधून वर न बघता म्हणतो तुला आवडेल ते कर. आणि आई (ती गावभागात राहते, दोन दिवसाआड फोन असतो) म्हणते कापलेस तर माझ्यासमोर येऊ नकोस. मार्गशीर्षात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, आईला माझा अंबाडा आणि त्यावर गजरा पाहिजे. सगळ्यांच्या आया मुलींच्या बाजूनं आणि सासवा विरोधात असतात, आमच्यात उलटं आहे.

मला भीती एकच, सातवीत बॉबकट केला होता आणि वर्षभर मला वर्गात अळंबी म्हणायचे. खांद्यापर्यंत कापले तर तेच होईल का? वेव्ही केसवाल्यांनीच सांगा, सरळ केसवाल्यांना यातलं काही कळत नाही.

भडंग_विथ_लसूण

हेडिंग अर्धंच दिसलं, नाव बघून वाटलं हळदीचा भाव सपाट झाला. काप गं, केस आहेत, परत येतील. पुढचा प्रश्न.

कात्रीवाली_गोडोली (सातारा)

माझं साताऱ्यात गोडोलीला छोटं पार्लर आहे, ११ वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी स्मूदनिंगचं. त्यात केसाच्या आतले जोड केमिकलनं तोडून, केस सरळ धरून परत बसवतात. म्हणून तेवढा भाग आता कायमचा तसाच, तेल लावा दही लावा तो वेव्ही होणार नाही. मुळाशी नवीन येतो तो तुमचा खरा केस. (केराटिन म्हणून जे करतात ते वेगळं, तो वरचा थर असतो, तीन-चार महिन्यात धुऊन जातो. बरेच जण दोन्ही एकच समजतात आणि काही पार्लरवाले पण समजू देतात.) केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, १४ महिन्यांचे सहा-सात इंच म्हणजे तुमचा हिशोब बरोबर आहे, वाढ अगदी नॉर्मल आहे. ते गळतंय म्हणून घाबरू नका, आधी एक बघा. पडलेला केस उचला, एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातनं आलाय, नसेल तर मधेच तुटलाय. रोज ५० ते १०० केस मुळातनं जाणं हे चालतंच, सगळ्यांचं जातं. तुमचे बहुतेक मधेच तुटतायत, जोडावर.

आता कापायचं. सगळे सांगतील की ती जोडाची लाईन आहे तिथं सरळ उडवून टाक. नका करू. सात इंच म्हणजे किती ते आरशात बघा. मानेवरचे सात इंच खांद्याच्या जवळ येतात पण टाळूवरचे सात इंच गालापर्यंतच येतात, आणि ते वाळल्यावर अजून वर चढणार. म्हणजे जी अळंबी तुम्हाला नकोय ती हमखास. सातवीत पण हेच झालं असणार, ओले केस ताणून एका रेषेत कापले असणार.

घरी एक करून बघा. केस धुवून, तेल न लावता, न विंचरता वाळवा. मग पुढची एक बट धरून ओढून सरळ करा, हनुवटीपाशी कुठं येते ते बघा आणि सोडा. दोन बोटं वर गेली तर लक्षात ठेवा की ओल्यात जेवढे कापाल त्यापेक्षा दोन बोटं जास्त गेलेले दिसणार. लांब केसाला स्वतःचं वजन असतं, ते लाट खाली ओढून धरतं. वजन गेलं की लाट उठते. म्हणून तर बऱ्याच मुलींना कापल्यावर कळतं की आपले केस एवढे वेव्ही आहेत.

आणि बरोब्बर खांद्यापर्यंत तर अजिबात नको. तुमच्या हेडिंगमध्ये तेच आहे म्हणून सांगते. खांद्यावर टेकणारे केस खांद्याला लागून बाहेर वळतात, एक बाजू आत एक बाजू बाहेर, दिवसभर तुम्ही ते आत ढकलत बसणार. एक तर खांद्याच्या चांगलं वर, नाहीतर गळ्याच्या हाडाच्या खाली दोन-तीन बोटं. तुम्हाला मी दुसरं सांगेन. आत्ता गळ्याच्या हाडाखाली या, सपाट केस थोडे राहू देत, मग दर दोन महिन्यांनी इंच-दीड इंच काढत जा. वर्षभरात सगळा जुना माल संपेल आणि मधे कधीच विचित्र दिसणार नाही.

पार्लरमध्ये गेल्यावर तीन गोष्टी बोलायच्या, लाजायचं नाही. एक म्हणजे लेयर लांब द्या, वरती आखूड पायऱ्या नकोत. दुसरं, ती दातेरी कात्री, केस हलके करायची, ती चालवू नका, वेव्ही केसात त्यानं आतनं आखूड केस तयार होतात आणि तेच मग चहुबाजूनं उभे राहतात, लोकांना वाटतं फ्रिझ आलाय. तिसरं, शेवटची लेव्हल कोरड्या केसावर बघून करा. समोरची बाई कपाळाला आठ्या घालून बघायला लागली तर उठून यायचं. मी स्वतः पहिली चार वर्षं सगळ्यांचे केस एकसारखेच कापायचे, ओले करून ताणून, आम्हाला क्लासमध्ये तसंच शिकवलं होतं. तेव्हाच्या गिऱ्हाइकांची आठवण आली की वाईट वाटतं.

पूरग्रस्त_नंबर_वन

वरच्या ताईंनी जे आकसण्याचं सांगितलंय त्याचा माझा स्वतःचा अनुभव.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आम्ही हरभट रोडवरनं निघून मिरजेला काकांकडे गेलो. दोन खोल्या, अकरा माणसं, आंघोळीला माणशी एक बादली. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत आणि वेव्ही, एका बादलीत शॅम्पूच निघत नव्हता. पाचव्या दिवशी डोकं एवढं चिकट झालं की मी काकूची शिलाईची कात्री घेतली आणि म्हटलं काप. काकू म्हणाली किती, मी म्हटलं मानेपर्यंत. तिनं केस ओले केले, वेणी घातली आणि वेणीच कापली. कापताना तो कर्रकर्र आवाज येतो ना, तो मला अजून आठवतोय. बाहेर टीव्हीवर आयर्विन पुलाखालची पाण्याची पातळी सांगत होते आणि सगळी तिकडं बघत होती, माझ्याकडं कुणाचं लक्ष पण नाही. वाळल्यावर केस कानाच्या पाळीला. एक बाजू जास्त. चुलतभाऊ म्हणाला पाणी उतरलं पण तुझे केस चढले.

पण खरं सांगायचं तर तीन आठवडे जे घर धुवायचं काम केलं, गाळ काढला, त्यात त्या केसांचा एकदा पण त्रास झाला नाही. बुचडा नाही, रबर नाही, डोक्यावरनं तांब्या ओतला की झालं. खरा वैताग नंतर. ऑक्टोबर ते मार्च, ना मोकळे सोडता येत ना बांधता येत. मानेवर लाटा येऊन टोचायच्या, पुढचे डोळ्यात, मागं दीड इंचाची शेपटी. ह्या मधल्या लांबीबद्दल कुणी बोलत नाही. सांगलीचा एप्रिल तुम्हाला माहितीय, ४० ला टेकतो, तेव्हा मानेवर केस बांधता न येणं म्हणजे शिक्षा.

म्हणून माझा नियम एकच, काय पण कर पण पोनी बांधता येईल एवढे ठेव. हेल्मेटवालीला तर हे पाहिजेच. आखूड मोकळे केस हेल्मेटात घातले की खालनं बाहेर येतात आणि सिग्नलला थांबलं की तोंडात जातात. खाली मानेशी सैल पोनी, त्यावर हेल्मेट.

हळदीचा_वास (सांगली)

बापरे, पूर आणि केस असं कनेक्शन असेल वाटलं नव्हतं.

गोडोलीच्या ताई, बट ओढून बघितली. पुढची बट ओढली की नाकापर्यंत येते, सोडली की डोळ्याच्या वर. ही पुढची नवीन आलेली आखूडच आहे म्हणा. आणि पांढरी गाठ पण बघितली, दहातले सात-आठ केस बिनगाठीचे. म्हणजे तुटतायतच. एवढं बरं वाटलं, मी थायरॉइडची टेस्ट करायला निघाले होते.

आखूड आणि बांधता येतील असे या दोन्हीमधे गळ्याच्या हाडाखाली हेच बसतंय. पण आई?

आणि पाण्याचं कुणी बोलेना. शॉवरला लावायचा फिल्टर ऑनलाइन बघितलाय, घेऊ का?

तांब्याचा_बंब (मिरज)

पाण्यावर मी बोलतो, कारण केसांवर बोलायला माझ्याकडं केस उरले नाहीत. बारावीला केमिस्ट्री शिकवत होतो.

तो फिल्टर घेऊ नका. त्यात जे छोटं नळकांडं असतं ते क्लोरीन, गाळ थोडाफार धरतं, पण क्षार म्हणजे कॅल्शियम मॅग्नेशियम काढायची त्याची कुवत नसते. त्याला मिठावर चालणारा सॉफ्टनर लागतो, तो टाकीला बसवायचा असतो, सोसायटीनं मिळून घेतला तर परवडतो. आपल्या भागात कृष्णाकाठच्या किती जमिनी क्षारपड झाल्यात बघा, उसाला पाणी दे दे देऊन. जमिनीखालचं पाणी गोड कुठनं येणार.

जड पाण्यात क्षार आणि साबण मिळून एक चिकट साका तयार होतो तो केसावर बसतो. शॅम्पूचं साबणाएवढं होत नाही पण क्षाराचा थर बसतोच, त्यानं केस खरबरीत लागतात आणि एकमेकात अडकतात. सरळ केसाला हे कमी जाणवतं, लाटेच्या केसाला जास्त, कारण तो आधीच एकमेकात गुंततो.

फुकटातले उपाय. एक, तुमच्या किचनला महापालिकेचं पाणी येत असेलच, ते कृष्णेचं, बोअरपेक्षा खूप हलकं. सगळं डोकं बोअरनं धुवा आणि शेवटचे दोन-तीन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या. दोन, पाणी उकळून गार करून वरचं निवळ घ्या, काही क्षार उकळल्यावर खाली बसतात. पूर्वी घराघरात बंब होता, त्याच्या आत जो पांढरा दगडासारखा थर धरायचा तो हाच. सगळेच क्षार असे बसत नाहीत पण फरक पडतो. तीन, महिन्यातनं एकदा क्षार काढायचा शॅम्पू मिळतो, चिलेटिंग म्हणून मागा, रोज वापरू नका.

केस कापल्यानं पाणी बदलत नाही हे पण लक्षात घ्या. फक्त धुवायला निम्मं लागेल.

जवस_जेलवाली

ताई तुझ्या घरात जवसाची चटणी असेलच ना, मग कापायच्या आधी निदान एक महिना हे करून बघ. मी कापायला निघाले होते आणि थांबले.

तीन चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर हलवत राहायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते गाळणीतनं पडत नाही, पहिल्यांदा माझी स्टीलची गाळणीच टाकून द्यावी लागली. जुनी सुती ओढणी घे आणि पिळ. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेक.

केस धुतल्यावर टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस, जुन्या टी शर्टनं दाबून टीप. टिपटिप ओले असतानाच हे जेल तळव्यावर घेऊन खालनं वर मुठीत दाबत लाव. मग हात लावायचा नाही. वाळल्यावर केस पापडासारखे कडक होतात, घाबरायचं नाही, परत मुठीत चुरडायचे, कडकपणा जातो आणि लाट राहते. विंचरायचं फक्त ओले असताना, कंडिशनर लावल्यावर, मोठ्या दाताच्या फणीनं. कोरडे विंचरले की तूच लिहिलंयस तसं फुगून बसणार.

कात्रीवाली_गोडोली (सातारा)

जवसाचं मी पण सांगते गिऱ्हाइकांना, चांगलं आहे. फक्त त्यांच्या खालच्या सपाट केसावर काही चालणार नाही, वरती लाट आणि खाली शेपूट असं अजूनच उठून दिसेल. त्यांना कापावंच लागणार, आज नाहीतर उद्या. जेल कापल्यानंतर.

आणि साताऱ्यात पावसाळ्यात आमच्याकडं जे धुकं आणि दमट असतं त्यात हवेतलं पाणी केस पितात आणि फुगतात. तेव्हा कुणी पण मोठा निर्णय घेऊ नये असं माझं मत. जुलैमध्ये रडत कापायला येणाऱ्या मुलींना मी दोन आठवडे थांबायला सांगते, निम्म्या परत येत नाहीत. धंदा बुडतो पण असू दे.

कराडची_काकू

मी फारशी लिहीत नाही, सुनेनं हे वाचायला दिलं. वय ६४.

बाळ, पाणी आणि जवसाचं सगळ्यांनी सांगितलं, मी तुझ्या आईचं सांगते. माझं माहेर वाईचं. आमच्या घरात आजोबांची बहीण होती, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. बाराव्या वर्षी विधवा झालेली. लाल आलवण (विधवा नेसायच्या ते लुगडं) आणि डोक्यावर पदर, तो पदर मी तिच्या डोक्यावरनं कधी ढळलेला पाहिला नव्हता. मी सात-आठ वर्षांची असताना तिच्याबरोबर घाटावर गेले, ती धुणं धूत होती आणि वाऱ्यानं पदर मागं गेला. पांढरे खुंट होते डोक्यावर, नांगरलेल्या वावरासारखे. तिनं ओल्या हातानं पदर ओढला आणि माझ्याकडं असं बघितलं की मीच काही चोरी केली. घरी येताना बोलली नाही.

आम्हाला शाळेत होतं की आपल्याच सातारा जिल्ह्यातलं कटगुण हे जोतीराव फुल्यांचं मूळ गाव, आणि त्यांच्या सत्यशोधक मंडळींपैकी नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढाकार घेतला आणि १८९० मध्ये मुंबईतल्या नाभिक मंडळींनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या डोक्यावरनं वस्तरा फिरवायचा नाही. मी ते पाठ करून मार्क मिळवले. आणि आत्याआजी शेजारच्या खोलीत बसलेली होती.

म्हणून माझ्या पिढीच्या बायका सवाष्णीचे आखूड केस म्हटलं की दचकतात, का दचकतो ते आम्हाला सांगता येत नाही मग आम्ही गजरा, अंबाडा, लोक काय म्हणतील असं काहीतरी बोलतो. तुझी आई पण त्यातलीच असेल, नसेल पण. एकदा तिला विचार की तुझ्या आजोळी असं कुणी होतं का. भांडायच्या सुरात नाही, भाजी निवडताना.

मी माझे केस ६१ व्या वर्षी कापले. खांदा आखडला, हात मागं जाईना, आमचे हे वेणी घालायचे प्रयत्न करायचे, ती दोरीसारखी व्हायची. शेवटी कापले. पहिल्या दिवशी मोरीत आरशासमोर मी पण डोक्यावर पदर घेतला, आपोआप. पंखा लावला की मान गार लागते, ते फार छान वाटतं गं.

भडंग_विथ_लसूण

काकू मी वर फालतूपणा केला त्याबद्दल सॉरी. आता आईला फोन लावतो.

अंबाडा_फॅनक्लब

सगळं ठीक आहे पण बहिणीचं लग्न दोन महिन्यांवर असताना कशाला. लग्नानंतर काप की. फोटो आयुष्यभर राहतात.

पूरग्रस्त_नंबर_वन

फॅनक्लब, गळ्याच्या हाडाखालच्या केसांचा अंबाडा होतो. छोटा होतो. आत गंगावन घातलं की झालं, आमच्या घरात लांब केसवाल्या पण गंगावन घालतात लग्नात. वरनं गजरा लावल्यावर आत काय आहे ते कोण उचकटून बघतंय.

हळदीचा_वास (सांगली)

अपडेट देते, तीन-चार जणांनी मेसेज करून विचारलं.

रविवारी आईकडे गेले. पावटा सोलत बसलो होतो. काकूंनी सांगितलं तसं विचारलं. आई आधी म्हणाली तसलं काही नव्हतं आमच्यात. मग बऱ्याच वेळानं, शेंगा जवळजवळ संपल्यावर म्हणाली, माझी आई गेली तेव्हा मी नववीत होते, ती आजारी असताना तिचे केस कापले होते, टायफॉइड होता, ताप डोक्यात जातो म्हणून कापायचे तेव्हा. लांब होते तिचे. त्यानंतर पंधरा दिवसात गेली. एवढंच बोलली आणि सोललेला पावटा घेऊन आत गेली. मला ३२ वर्षांत हे माहीत नव्हतं. आजी टायफॉइडनं गेली हे माहीत होतं, केसांचं माहीत नव्हतं.

मी काही बोलले नाही. कापणार हे पण नाही बोलले, कापणार नाही हे पण नाही. निघताना तिनंच विचारलं, दुखतं का गं मान त्या हेल्मेटनं.

मग बुधवारी हाफ डे टाकून कापून आले. सांगलीतच, सासूबाईंच्या भिशीतल्या एकीनं सांगितलेल्या बाईकडे. दातेरी कात्री तिनं हातात घेतली होती, मी नको म्हटलं, जरा तोंड वाकडं केलं पण ठेवली. कोरड्यावर शेवटचं बघून केलं. गळ्याच्या हाडाखाली तीन बोटं, लेयर लांब. रंगवल्यासारखी सपाट टोकं अजून चार-पाच इंच राहिलीत खाली पण लाटेत मिसळून जातात, मला सोडून कुणाला दिसत नाहीत. ऑफिसमध्ये एकानं विचारलं चष्मा बदलला का.

पहिले दोन दिवस डोकं हलकं हलकं, मान सारखी मागं झटकली जायची, केस मागं टाकायची सवय. हेल्मेटाचा वास गेला. बोअरवर आता बादलीभर पाणी पुरतं आणि शेवटचे तांबे किचनमधनं नेते, सासूबाई म्हणतात तीर्थ घेऊन चालली.

कापलेली वेणी घरी आणली होती. दान करायची म्हणून चौकशी केली, बऱ्याच ठिकाणी १२ इंच पाहिजेत, तेवढी होती, पण केमिकल केलेले केस चालत नाहीत म्हणाले. मग ती पिशवीत तशीच होती. शनिवारी आई आली. माझ्याकडं बघितलं, मागनं बघितलं, एक बट बोटावर गुंडाळून सोडली, म्हणाली ह्या लाटा कुठनं आल्या, आमच्यात तर कुणाचे नाहीत. मी म्हटलं दोन वेण्यांच्या आत होत्या. मग तिला पिशवी दिसली. पूर्वी दारावर केसावर भांडी देणाऱ्या बायका यायच्या त्यांना आई केस कधी द्यायची नाही, मला आता लक्षात येतंय. तिनं वेणी काढली, दोन्ही टोकांना घट्ट दोरा बांधला, जुन्या रुमालात गुंडाळली आणि म्हणाली मी घेऊन जाते, लग्नात तुला गंगावन करून देते, बाजारचं कशाला.

आता ती वेणी सरळसोट, आणि माझे केस लाटांचे. गोडोलीच्या ताई, हे मॅच कसं करायचं तेवढं सांगा.

कात्रीवाली_गोडोली (सातारा)

ओल्या वेणीच्या बारीक चार-पाच वेण्या घालून रात्रभर ठेवा, लग्नाच्या दिवसापुरती लाट राहते. धुतली की जाते, तोपर्यंत लग्न लागलेलं असतं. आणि आईला म्हणावं दोरा अजून एक वेढा जास्त मारा, तिथनंच सुटतं.